डायलिसिसच्या खुर्चीवरील चार तास

(न्यू टाउन, कोलकाता येथे जमलेल्या मराठी साथींपुढे केलेले भाषण)



गीतांजलीने इकडे येताना कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला थांबली. आपण रेल्वेवाले आणि आरएमएसवाले इगतपुरी ओळखतो ती घाटाच्या इंजिनांमुळे. बाहेरचे लोक ओळखतात ती सत्यनारायण गोएंकांच्या धम्मगिरीमुळे. १९७६ पासून तेथे विपश्यना शिकवली जाते. आज इथे तिची आठवण काढण्याचे कारण म्हणजे आपला एक साथी. तो सॉर्टिंगमध्ये आहे आणि दीड वर्ष डायलिसिसवर आहे.

आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. हातात दोन जाड सुया. एकीतून रक्त यंत्रात जाते, दुसरीतून शुद्ध होऊन परत येते. मध्येच रक्तदाब घसरतो, पोटऱ्यांत गोळे येतात. पाणीसुद्धा मोजून प्यायचे. पण तो आम्हाला म्हणाला, "सुईचं काही नाही हो, आदल्या रात्री झोपच लागत नाही." एकदा धास्तीने त्याने पाळी चुकवली. फुप्फुसात पाणी साचले आणि धापा टाकत असताना त्याला दाखल करावे लागले.

त्यानंतर तो खुर्चीवरच श्वास पाहू लागला. दहा दिवसांचे शिबिर त्याला कसे जमणार? मध्ये डायलिसिस चुकवता येत नाही. म्हणून दहाच मिनिटे. श्वास रोखायचा नाही, नाकपुडीशी येतो-जातो तेवढा पाहायचा. मन घराच्या हप्त्याकडे पळाले, तर पळाले हे ओळखून परत यायचे. चक्कर वाटली तर ध्यान सोडून सिस्टरला हाक मारायची, हे मात्र पक्के.

आम्ही याची फुगवून जाहिरात करणार नाही. मॉन्ट्रियलमध्ये डायलिसिसच्या ४१ रुग्णांवर झालेली एक लहान चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. खुर्चीवरचे ध्यान रुग्णांना झेपते असे तीत दिसले. नैराश्य आणि चिंता यांत ठोस फरक मात्र सिद्ध झाला नाही. आमचा साथी आता बऱ्यापैकी झोपतो, पण हा एका माणसाचा अनुभव झाला. ध्यानाने रक्त शुद्ध होत नाही. कुणी बाबा तसे सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणि प्रशासनालाही आमचे सांगणे आहे. डायलिसिसच्या आदल्या रात्री रात्रपाळी लावायची, रजेचा अर्ज अडकवून ठेवायचा आणि वर 'मन शांत ठेवा' म्हणायचे, हा कुठला न्याय? प्रत्येक शाखेने आपल्याकडे डायलिसिसवर कोण आहे ते विचारावे आणि त्याचे वार रोस्टरमध्ये पक्के करून घ्यावेत.

आमचा साथी मंगळवार, गुरुवार, शनिवार जातो. पहिला तास कोणीतरी त्याच्याजवळ बसतो. पाळ्या आम्ही वाटून घेतल्या आहेत.