परगावच्या व्यापाऱ्याचा मुक्काम

मुळशी हे नाव उच्चारताच इतिहासाशी थोडाफार परिचय असलेल्यांच्या डोळ्यांपुढे १९२१ सालचा सत्याग्रह, सेनापती बापट आणि टाटांच्या धरणाखाली गेलेली भातखाचरे उभी राहतात. परंतु त्याच तालुक्याच्या पूर्वेकडील अंगास आज दूरदूरची माणसे रोज येतात, ती धरण पाहावयास नव्हे. हिंजवडी, माण आणि मारुंजी या गावांच्या जमिनीवर औद्योगिक विकास महामंडळाने संगणक व्यवसायाची मोठी वसाहत उभारली. पिरंगुटच्या बाजूस कारखाने झाले. तेथे कामानिमित्त येणाऱ्या गृहस्थाने रात्री उतरावे कोठे, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक खरा. पण कित्येकदा सौद्याचे यशापयश त्यावरच अवलंबून असते.

इचलकरंजीचा एखादा लहान कारखानदार घ्यावा. सकाळी साडेनऊ वाजता हिंजवडीच्या तिसऱ्या टप्प्यात एका कंपनीच्या खरेदी-अधिकाऱ्यास त्याला भेटावयाचे आहे. पत्रावर गाव ‘पुणे’ म्हणून लिहिलेले, तेव्हा तो आपल्या वडिलांच्या वेळेपासून ठाऊक असलेल्या पुणे स्टेशनाजवळच्या लॉजमध्ये उतरतो. खोली स्वच्छ, भाडे माफक, जेवण घरच्यासारखे. सर्व काही यथास्थित. मात्र काम वीस किलोमीटरांहून अधिक दूर आणि मध्ये सारे शहर पसरलेले! कचेऱ्यांच्या वेळेस वाकडच्या पुलापासून हिंजवडीकडे वळणारी वाहने मुंगीच्या पावलाने सरकत असतात. बिचारा घामाघूम होऊन साडेदहास पोहोचतो, तोवर अधिकाऱ्याची दुसरी बैठक सुरू झालेली असते. भाड्यात वाचलेले हजार रुपये आणि हातचे गेलेले काम यांचा मेळ कोणत्या वहीत घालावा?

म्हणून हॉटेलांची यादी हाती घेण्यापूर्वी नकाशा हाती घ्यावा. हिंजवडीस काम असेल त्याने हिंजवडी, वाकड किंवा बालेवाडी याच टापूत राहावे. मुंबईहून द्रुतगती मार्गाने येणाऱ्यास, तसेच सातारा-कोल्हापूरकडून बाह्यवळण रस्त्याने येणाऱ्यास, शहरात शिरावयाचे काही कारणच पडत नाही. मुक्काम वसाहतीच्याच आत मिळाला तर सकाळची कटकट मिटते. पण संध्याकाळी शहरात कोणाकडे जावयाचे असेल तर तीच गर्दी उलट दिशेने भोगावी लागते, हेही ध्यानी ठेवावे.

पिरंगुट किंवा पौड येथे काम असणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला कोथरूड किंवा बावधन सोयीचे. चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरुंग लावून पाडण्यात आला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तेथील नवे उड्डाणपूल खुले झाले. वनाजपासून रामवाडीपर्यंतची मेट्रो २०२४ साली पूर्ण झाली. ती पुणे स्टेशनावरूनच जाते. त्यामुळे आगगाडीने उतरून हाती लहानशी बॅग घेतलेला प्रवासी थेट पौड रस्त्याच्या तोंडाशी येतो. पावसाळ्यात मात्र शनिवार-रविवार टाळावे. ताम्हिणीचा पाऊस आणि धबधबे पाहावयास निघालेली निम्मी पुण्यनगरी त्या दिवशी पौड रस्त्यावर असते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

स्टेशनाजवळचे लॉज सर्वथा त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. काम आटोपून दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने मुंबईस परतावयाचे असेल, तर शेवटची रात्र तेथेच काढणे शहाणपणाचे. १९३० पासून धावणारी ही गाडी वाकडच्या गर्दीत अडकलेल्या उतारूसाठी थांबत नाही.

आता पैशाची बाब. येथे अनुभवी माणसेही फसतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के, आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के आहे. म्हणजे ७,५०० रुपयांच्या खोलीचे ७,८७५ द्यावे लागतात, तर ७,६०० च्या खोलीचे ८,९६८! शंभर रुपयांच्या फरकापायी एक हजार त्र्याण्णव रुपये अधिक गेले. भाडे या सीमेच्या आसपास असेल तर व्यवस्थापकाशी घासाघीस करण्यात मुळीच कमीपणा मानू नये. दुसरे असे की, हा कर खोली ज्या राज्यात आहे तेथलाच लागतो. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या व्यवसायास त्याची वजावट मागता येते. केवळ कर्नाटकात किंवा गुजरातेत नोंदलेल्यास ती मिळत नाही. आपल्या पेढीचा नोंदणी क्रमांक बिलावर घालावयास उतरतानाच सांगावे. निघण्याच्या घाईत ते राहून जाते.

संगमरवरी दिवाणखाना, पोहण्याचा तलाव इत्यादी गोष्टींकडे पाहण्यास कामाच्या माणसाला सवड नसते. त्याऐवजी खोली आरक्षित करण्याआधी दूरध्वनीवर चार गोष्टी विचाराव्या. खोली महामार्गाच्या बाजूस आहे की मागील बाजूस? आवारात लग्नाचे लॉन आहे काय, आणि त्या रात्री तेथे कार्य आहे काय? या भागात लॉन्स पुष्कळ. मुहूर्ताच्या दिवशी वाजंत्री कानाशी घेऊन उद्याचे हिशेब तपासणे कठीण. मध्यरात्रीनंतर पोहोचल्यास दार उघडावयास कोणी असते काय? आणि सकाळी सात वाजता न्याहारी मिळते, की आचारी आठ वाजता उगवतो? या प्रश्नांची उत्तरे जेथे न कंटाळता मिळतात, तेथे खोली थोडी लहान असली तरी घ्यावी.