वाई सोडण्याआधी

मुलगी बंगळुरूला, आपण वाईत. निवृत्तीनंतर तिकडेच जावं का? पेन्शनची काळजी नको. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाइलवरूनही देता येतो. सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान भारतचं 5 लाखांपर्यंतचं संरक्षण परराज्यातल्या संलग्न रुग्णालयांतही मिळतं. एसटीचा पंचाहत्तरीनंतरचा मोफत प्रवास मात्र राज्याच्या सीमेपर्यंतच. गाडी नेलीत, तर 12 महिन्यांनंतर तिथली नोंदणी लागते.

खरा प्रश्न माणसांचा. इथं गणपती घाटावर कुणीतरी नावानं हाक मारतं. तिथं मुलगी कामावर गेली की दिवसभर बोलायचं कुणाशी? म्हणून आग्रहानं सांगते, वाईचं घर लगेच विकू नका. आधी सहा महिने तिकडे भाड्यानं राहून पाहा, पती-पत्नी दोघंही. शेजाऱ्यांशी बोलण्यापुरती कन्नड शिका. मन रमलं, तर आधारवरचा पत्ता बदलून घ्या आणि मतदारयादीतलं नाव तिकडे हलवा.