श्वास, शीतजल आणि मन
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गतवर्षी याच व्यासपीठावरून मी प्राणायाम व शीतस्नान यांची मुक्तकंठाने स्तुती केली होती आणि आपण टाळ्याही वाजविल्या होत्या. आज त्याच विषयावर पुन्हा बोलण्याची अनुज्ञा मी कार्यकारी मंडळाकडे आग्रहाने मागून घेतली. याचे कारण असे की, त्या भाषणात एक गोष्ट सांगावयाची राहिली आणि त्या उणिवेची किंमत आपल्यापैकी एका कुटुंबाला मोजावी लागता लागता राहिली. पस्तीस वर्षे मुलांच्या वह्यांतील चुका तांबड्या शाईने दाखविणाऱ्या मास्तराने स्वतःची चूक मात्र झाकून ठेवावी, हे बरे दिसत नाही.

विषयाची थोरवी मी आजही कमी लेखीत नाही. अन्नाचे पचन आपल्या आज्ञेत नाही, हृदयाला आपण ‘थांब’ म्हणू शकत नाही. परंतु श्वास हा असा व्यापार आहे की, तो आपोआपही चालतो आणि मनात आणल्यास आपल्या सांगण्याप्रमाणेही चालतो. भय वाटले की श्वास उथळ होतो, हे आपण सर्वांनी अनुभविले आहे. उलट, श्वास संथ केला असता भयही ओसरू लागते, याचा अनुभव मात्र थोडेच घेतात.

याची शास्त्रीय परीक्षा आपल्याच प्रांतात प्रथम आरंभिली गेली, ही अभिमानाची गोष्ट आहे. जगन्नाथ गणेश गुणे, अर्थात स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. नौलीक्रियेच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, हे त्यांनी यंत्राने मोजून दाखविले. चमत्काराची भाषा न बोलता मापाची भाषा बोलणारा हा योगी होता. पुढे 2001 साली इटलीतील पाविया येथील संशोधकांनी तेवीस माणसांवर प्रयोग केला. लॅटिन जपमाळ असो वा आपल्याकडील मंत्र असो, तो संथपणे म्हटला असता श्वास मिनिटास सुमारे सहा या गतीवर येतो आणि हृदय व रक्तदाब यांच्या लयी एकमेकींशी जुळतात, असे त्यांना आढळले. धर्म निरनिराळे, परंतु फुप्फुसे एकच!

गतवर्षी मी ज्यांची कीर्ती गायिली ते विम होफ नेदरलँड्सचे. जन्म 1959 चा, म्हणजे माझ्याहून एका वर्षाने वडील. (ते बर्फात बसतात, मी दिवाळीनंतर कानटोपी काढीत नाही.) त्यांच्या पद्धतीची परीक्षा नायमेखेन येथील विद्यापीठाने घेतली व 2014 साली ती प्रसिद्ध केली. चोवीस निरोगी पुरुष घेतले. पैकी बारा जणांना दहा दिवस श्वासाचा, ध्यानाचा व थंडीचा अभ्यास दिला. मग सर्वांच्या शिरेत जंतूंचे निर्जीव विष अल्प प्रमाणात टोचले. अभ्यासी मंडळींच्या रक्तात ॲड्रेनलिन पुष्कळ वाढले व ज्वर, हुडहुडी, डोकेदुखी ही लक्षणे त्यांस कमी झाली. गोष्ट आश्चर्याची खरीच. पण बारा निरोगी जवानांवरून मधुमेह बरा होतो की सांधेदुखी जाते, हे काही ठरत नाही. गतवर्षी मी हे ‘पण’ गिळले होते.

आणि त्याहून मोठी गोष्ट गिळली. हा जलद श्वासाचा अभ्यास पाण्यात किंवा पाण्याच्या जवळ मुळीच करू नये, असा इशारा या पद्धतीबरोबर स्पष्ट दिलेला असतो. तो माझ्या वाचनात होता. भाषणाच्या ओघात सांगावयाचा राहिला.

गेल्या वैशाखात आपल्यातीलच एक शाळकरी मुलगा सुट्टीत गावी गेला. विहिरीच्या पायरीवर बसून त्याने तीस-चाळीस मोठे श्वास भराभर घेतले व सोडले आणि तळाशी जाऊन बसण्याकरिता बुडी मारली. चुलतभाऊ वर आकडे मोजीत होता. बुडबुडे थांबले, तरी हा वर येईना. मोटार चालू करण्यास आलेल्या गड्याने ते पाहिले आणि धोतरासकट उडी घेतली, म्हणून मुलगा आज या सभागृहात बसलेला आहे. मी भेटावयास गेलो तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, मला गुदमरल्यासारखं काहीच झालं नाही. छान वाटत होतं.” त्याच्या आईने चहा पुढे ठेवला आणि एवढेच म्हटले, “तुम्ही सांगितलंत, म्हणून केलं त्यानं.” तो चहा माझ्या घशाखाली उतरला नाही.

‘छान वाटत होतं’ या तीन शब्दांतच सारा धोका आहे. श्वास घेण्याची तळमळ प्राणवायू कमी झाल्याने नव्हे, तर मुख्यत्वे रक्तात कार्बन डाय ऑक्साइड साचल्याने होते. भराभर श्वास घेतल्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कारण रक्त आधीच जवळजवळ पूर्ण भरलेले असते. मात्र कार्बन डाय ऑक्साइड बाहेर पडून जातो. हातापायांस मुंग्या येतात, डोके हलके होते, ते यामुळेच. मग बुडी मारली असता तळमळ सुरू होण्यापूर्वीच प्राणवायू संपतो आणि माणूस निमूटपणे बेशुद्ध होतो. घरात सतरंजीवर हे घडले तर शरीर आपोआप श्वास घेते. पाण्यात घडले तर फुप्फुसात पाणी शिरते. पट्टीचा पोहणारा असला, तरी सुटका नाही.

थंडीविषयीही दोन शब्द. अंग एकदम गार पाण्यात पडले की पहिल्या मिनिटात धाप लागते, छाती धडधडते व रक्तदाब चढतो. रोजच्या सवयीने हा धक्का सौम्य होतो, आणि त्या क्षणी मन न डगमगू देणे हाच त्यातील व्यायाम आहे. कार्तिकात पहाटे नदीवर जाणाऱ्या आपल्या आज्यांस हे कोणी शिकविले नव्हते. त्या आधी पाय भिजवीत, मग तोंडावर पाणी घेत आणि मग बसत. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र हा हट्ट धरू नये. विशेषतः माझ्या वयाच्या मंडळींनी वैद्यास विचारल्यावाचून नाही.

मी स्वतः काय करतो, असे मागील खेपेस एका भगिनींनी विचारले होते. पहाटे जमिनीवर बसून पाच अंक मोजेपर्यंत श्वास आत व पाच अंक मोजेपर्यंत बाहेर, असे दहा मिनिटे. मग न्हाणीघरात बादलीतील गार पाणी. आधी पायांवर, शेवटी डोक्यावर. कुंभक नाही, भस्त्रिका नाही, विक्रम नाही.

येत्या सुट्टीत गावच्या विहिरीवर रोज सकाळी सात वाजता मी काठावर बसणार आहे. ज्यांची मुले पोहावयास येतील त्यांनी मला नावे कळवावी. त्या गड्यासही मी बोलाविले आहे; त्याचा सत्कार मंडळाने करावा, अशी माझी अध्यक्षांस विनंती आहे.