थर्मोस्टॅट बदलला, पंख्याचं काय?

इंजिन थंड ठेवण्याबद्दल एरवी मोघम बोललं जातं. आज मी एकच गाडी धरून बोलणार आहे: 1997 ते 2004 या मॉडेल-वर्षांतली पाचव्या पिढीची शेव्हरोले कॉर्व्हेट. अमेरिकेत केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात ती तयार होई. तिचं एलएस1 इंजिन 5.7 लिटरचं, अ‍ॅल्युमिनियमचं, आठ सिलिंडरांचं. हौशी मालक तिचा साधारण 86 अंश सेल्सिअसला उघडणारा थर्मोस्टॅट काढतात आणि 71 अंशांचा बसवतात. तिकडे त्याला ‘एकशेसाठचा’ म्हणतात, कारण त्यांचं मोजमाप फॅरनहाइटचं.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या जोरावर चालणारी झडप. कूलंट तापलं की आतलं मेण वितळून फुगतं, झडप ढकलतं आणि रेडिएटरची वाट मोकळी होते. 1930 च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्ने यांनी ही युक्ती शोधली. झडप पूर्ण उघडली की तिचं काम संपलं. त्यानंतर इंजिन किती तापेल, हे रेडिएटर आणि त्यातून जाणारी हवा ठरवते. म्हणजे थर्मोस्टॅट तापमानाची खालची मर्यादा ठरवतो. वरची त्याच्या हातात नाही.

आता कॉर्व्हेटकडे बघा. कारखान्यातून येताना तिचे विजेचे पंखे संगणक सुमारे 108 अंशांना सुरू करतो आणि 113 च्या आसपास जोरात फिरवतो. मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा येतो, तेव्हा 71 चा थर्मोस्टॅट काटा खरोखर खाली आणतो. पण सिग्नलला गाडी थांबली की वारा बंद, पंखाही बंद. तापमान चढत 108 वर जाणारच. पैसे खर्चून आपण काय मिळवलं?

म्हणून पंख्यांचे आकडे संगणकात बदलल्याशिवाय हा थर्मोस्टॅट बसवू नये, असं माझं ठाम मत आहे. तेही बेताने बदलायचे. पंखा सुरू होण्याचं तापमान थर्मोस्टॅटच्या बरंच वर हवं, नाहीतर तो अखंड फिरत राहतो.

एवढं सगळं करायचं कशासाठी? पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर सिलिंडर हेड फार तापलेलं असेल, तर इंधन-हवेचं मिश्रण आपणहून पेटू लागतं. हेच नॉकिंग. ते कळताच संगणक ठिणगीची वेळ मागे घेतो आणि ताकद घटते. हेड जरा थंड असेल तर वेळ मागे घ्यावी लागत नाही. सुपरचार्जर बसवलेल्या किंवा शर्यतीला नेणाऱ्या गाडीत हा फायदा खरा आहे. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत मला तो दिसत नाही. तोटे मात्र दिसतात. तेल पुरेसं तापलं नाही की त्यातली वाफ आणि इंधनाचा अंश उडून जात नाही. थंडीच्या प्रदेशात केबिनचा हीटरही कोमट राहतो.

आपल्याकडे घाटात गाडी तापली की काही गॅरेजवाले थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. हे कळकळीने सांगतो, तसं करू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाटही बंद करतो. तो नसला की काही कूलंट रेडिएटरला टाळून परत इंजिनातच फिरतं.

आणि कॉर्व्हेट तापत असेल, तर झडपेला हात लावण्याआधी गाडीखाली वाका. ही गाडी हवा नाकाच्या खालून ओढते. तिथली हवा वर वळवणारी पट्टी तुटली असेल, तर हायवेवरसुद्धा ती तापेल. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत पालापाचोळा आणि प्लास्टिकच्या पिशव्या जाऊन बसतात. रेडिएटर वर उचलून ती फट आधी साफ करा, पट्टी नवी घाला, मग काटा कुठे थांबतो ते पाहा आणि त्यानंतरच 71 च्या थर्मोस्टॅटचा विचार करा.