ज्यूरीचं बोलावणं

मुलाकडे न्यू जर्सीत असताना मला कोर्टाकडून ज्यूरीचं बोलावणं आलं. तिथे ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतूनही नावं काढतात. सूनबाई म्हणाली, “बाबा, तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. तसं कळवा.” कळवलं, सुटलो. नागरिक असतो, तर वयाची सूट ७५ नंतरच मिळाली असती.

आपल्याकडची ज्यूरी केव्हाच गेली. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या नऊ ज्यूरींपैकी आठजणांनी ‘निर्दोष’ म्हटलं होतं. आता चार शेजाऱ्यांनी एकत्र बसून निर्णय घ्यायचा, तो सोसायटीच्या सभेत. तिथे मला सूट मिळाली, कारण मी पाहुणा होतो. इथे आपण सारे सभासद आहोत. तेव्हा वार्षिक सभेला सबबी नकोत, या!