मासळीचे टाकाऊ आणि उद्याचा हंगाम



आपल्या ज्ञातीचा चरितार्थ दर्यावर. परंतु आज तळ्यांतही मासळी वाढविली जाते, आणि तिच्या खाद्यात मासळीचीच भुकटी पडते. त्या भुकटीसाठी बारीक आसाच्या जाळ्यांनी उपसलेली कोवळी तारलीही दळली जाते. म्हणजे उद्याचा हंगाम आजच दळला जातो! यावरील एक उपाय आपल्या दाराशीच आहे.

कारखान्यात मासा साफ केला की डोके, काटा, कातडे व आतडी मिळून निम्म्याच्या आसपास वजन बाजूस पडते. ते खाडीत गेले तर दुर्गंधी. खाद्यात गेले तर प्रथिने. कृतीही अवघड नाही. ताजे टाकाऊ आतड्यांसकट बारीक करावे, १०० किलोस सुमारे ३ किलो फॉर्मिक आम्ल घालून प्लॅस्टिकच्या पिंपात ढवळीत जावे. आम्लाने कुजणे थांबते, आणि आतड्यांतील पाचक रसांनी थोड्या दिवसांत मांस पातळ होते. ते कोंडा व पेंडीत कालवून वाळवावे. सोयाबीनच्या पेंडीत मेथिओनिन कमी. ती उणीव येथे भरून निघते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. आम्ल हाताळताना हातमोजे घालावेत. आणि कोळंबीची कच्ची डोकी कोळंबीच्याच तळ्यात कदापि टाकू नयेत. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्यांतून पसरतो.

आमचे मागणे इतकेच, की आपल्या मच्छीमार सोसायट्यांनी असे एकेक पिंप मांडून पाहावे. दर्याने दिलेले अर्धे फेकावे आणि त्याची पिल्ले दळावीत, हे दर्याच्या लेकरांस शोभत नाही.