जुन्या सामानातला वाचनकोपरा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, म्हणजे आपल्या घरांनाही झाली. त्यामुळे सध्या प्रत्येक विंगमध्ये कुठे ना कुठे फरश्या फोडण्याचं काम चालू असतं. लिफ्टमधून रोज कुणाचं तरी जुनं सामान खाली जातं, आणि 'व्हिंटेज' या नावाने तसंच सामान चढ्या किमतीला वर येतं. आयुष्यभर जमा-खर्च तपासलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा व्यवहार पटत नाही. म्हणून आजचा विषय घेतला : घरातल्याच जुन्या वस्तूंतून, कमी खर्चात वाचायचा कोपरा कसा करावा.

आधी तो कोपरा कुणासाठी, ते सांगतो. आपल्या फ्लॅटमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली असते. मुलाचं अभ्यासाचं टेबल, सुनेचा लॅपटॉप, नातवाची खेळणी, आणि टीव्हीसमोर आमची निवृत्तांची खुर्ची. घरातल्या बाईची जागा कुठली? ओटा. आमच्या सौ. पंचवीस वर्षं ओट्याशी उभ्यानेच वाचत आल्या. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता पेपर, आणि वाण्याकडच्या पुडीचा कागदसुद्धा, उलगडून, सरळ करून. त्यांच्या सत्तरीला मुलांनी विचारलं, काय हवं? त्या म्हणाल्या, "बसून वाचता येईल अशी जागा." साडी नाही, सहल नाही. तेव्हा हॉलच्या खिडकीजवळची चार फूट बाय पाच फूट जागा आम्ही त्यांच्या नावावर केली.

पहिली गोष्ट खुर्ची. माळ्यावर माझ्या वडिलांची हातांची सागवानी खुर्ची होती, वेत पार फाटलेला. लाकूड मात्र शाबूत होतं. जुनं सामान घेताना हेच बघायचं : सांधे हलवून पाहा, नखाने टोकरून वाळवी आहे का बघा. कापड, वेत, रंग हे सगळं बदलता येतं. हात नसलेली किंवा फार खोलगट आरामखुर्ची आपल्या वयाला नको. बसायला सुख, पण उठताना गुडघे हिशेब चुकता करतात. सीट जमिनीपासून सतरा-अठरा इंच असली की हातांवर भार देऊन सहज उठता येतं.

वेत कारागिराकडून विणून घेतला. पॉलिश आम्ही घरीच केलं. आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरने घासायचं, आणि लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून मऊ फडक्याने पातळ हात द्यायचे. एक वाळल्यावर दुसरा. एकच जाड हात दिला तर चिकचिकतं. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस बंद ठेवा, कारण स्पिरिट लगेच पेट घेतं. कुणी जवसाचं तेल वापरलं, तर त्याचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा, मगच फेका.

दुसरी गोष्ट दिवा. आत तार दिसणारे पिवळे मंद बल्ब हल्ली फॅशनमध्ये आहेत. फोटोसाठी उत्तम, वाचायला निरुपयोगी. वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळसर होतं, बाहुली लहान होते, आणि आत प्रकाश कमी पोचतो. आपल्याला तरुणांपेक्षा जास्त उजेड लागतो. आम्ही जुन्या बाजारातून पितळी टेबल लॅम्प आणला, चिंच लावून घासला, आतली वायर, होल्डर आणि पिन इलेक्ट्रिशियनकडून नवी बसवून घेतली. जुन्या लॅम्पची जुनी वायर कधीही वापरू नका. त्यात नऊ वॅटचा एलईडी, 'वॉर्म व्हाइट', म्हणजे २७०० ते ३००० केल्व्हिन. उजेड खांद्यामागून पुस्तकावर पडावा, डोळ्यांत नाही. रोज तीन तास लावला तरी महिन्याला एक युनिटही जळत नाही. हिशेब करून पाहा!

पुस्तकं ठेवायला जुन्या पलंगाच्या फळ्यांचं शेल्फ केलं. भिंतीपासून दोन बोटं पुढे, कारण पावसाळ्यात आपल्या बाहेरच्या भिंतींना ओल येते. पुस्तकं दाटीवाटीने कोंबू नका, अधूनमधून झटका, नाहीतर कसर लागते. वारा दाखवायचा तो सावलीत. कडक उन्हाने कागद पिवळा पडतो आणि तुटतो. घरात लहान मूल असेल तर डांबराच्या गोळ्या नकोत. मुलं खडीसाखर समजून तोंडात घालतात.

माझ्या बदल्यांमध्ये गावोगाव फिरलेली लोखंडी ट्रंक तिथे टेबल झाली. वर जुन्या साड्यांची गोधडी, त्यावर चष्मा आणि चहाचा कप. व्हिंटेज म्हणजे आणखी काय असतं?

आता खर्च, कारण त्याशिवाय माझं बोलणं पुरं होत नाही. वेताची विणाई १८०० रुपये, पॉलिशचं सामान ३५०, लॅम्प ४००, त्याची वायर वगैरे १५०, बल्ब १००, कापसाची गादी ३००, शेल्फसाठी सुताराची मजुरी ५००. एकूण ३६०० रुपये. ट्रंक, गोधडी आणि फळ्या, शून्य.

पुस्तकांचा खर्च यात धरलेला नाही, कारण तो फारसा नाहीच. आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. मुंबईचं त्यानंतर १८९८ मध्ये निघालं. आपल्या आजोबांच्या पिढीने वर्गण्या काढून उभ्या केलेल्या या संस्था आहेत. आपण निदान सभासद तरी व्हावं. आणि महाबळेश्वरच्या वाटेवर भिलारला जरूर थांबा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. तिथे लोकांनी आपल्या राहत्या घरांत पुस्तकं ठेवून अनोळखी वाचकाला बसायला जागा दिली आहे.

पण एक गोष्ट पैशाने होत नाही, ती म्हणजे नियम. आमच्याकडे दुपारी दोन ते चार सौ. त्या खुर्चीत असतात. त्या वेळात चहा मागायचा नाही, 'माझा चष्मा कुठे आहे' विचारायचं नाही, बेल वाजली तर मी उठायचं. पहिल्या आठवड्यात त्या दर दहा मिनिटांनी उठत होत्या, काही राहिलंय का बघायला. महिनाभराने एकदा दूध उतू गेलं आणि त्यांना कळलंच नाही. दूध मी पुसलं. त्या दिवशी मला वाटलं, आता खुर्ची खरोखर त्यांची झाली.

हळूहळू विंगमधल्या तीन-चार जणी दिवाळी अंक बदलायला येऊ लागल्या. त्यावरून कमिटीला एक सूचना करतो. सोसायटी ऑफिसच्या खिडकीजवळची जागा रिकामीच आहे. ज्यांच्या घरी काम चालू आहे, त्यांनी चांगली खुर्ची, शेल्फ, पुस्तकं रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा तिथे दाखवावीत. मात्र जिन्यात आणि पॅसेजमध्ये काही ठेवू नका, नाहीतर सेक्रेटरीसाहेबांची नोटीस येईल, आणि ती योग्यच असेल! जनरल बॉडीत हा विषय आला तर वेत विणणाऱ्या कारागिराला बोलवायची जबाबदारी माझी, आणि हिशेबही मीच ठेवीन.

घरी गेल्यावर एकदा माळ्यावर नजर टाका, आणि आपल्या घरात कोण उभ्याने वाचतंय, तेही बघा.